घंटा ऐकू येईल इतक्या जवळ

कुवेतमध्ये आम्हाला घर विकत घेता येत नव्हतं. परक्या मुलखातल्या माणसाला तिथे जमीन घ्यायची मुभाच नव्हती, आणि असती तरी ती आम्हाला झेपणारी नव्हती. म्हणून आमच्या किनाऱ्यावरचे लोक कुवेतमध्ये बसून रत्नागिरीकडची घरं विकत घेत. तीही न बघता. शुक्रवारी नमाजानंतर आमच्याकडे जेवण झालं की सगळे पुरुष भिंतीला टेकून बसत आणि कुठल्या गावात, कुठल्या वाटेवर, कुठल्या हायस्कुलाजवळ घर घ्यावं यावर बोलणं सुरू होई. मी आतल्या खोलीत असे. मधे नुसता पडदा होता. मला सगळं ऐकू येई, आणि जे ऐकू येत नसे ते मी हातातलं काम थांबवून ऐकत असे.

माझा नवरा शुवैख बंदरावर कारकून होता. कारकून म्हटलं की खुर्ची डोळ्यांसमोर येते, पण याला खुर्ची नव्हती. बोटीतून उतरणारा माल उन्हात उभं राहून टिपायचा, एवढंच त्याचं काम. त्याच्यासमोर मी जन्मात कधी त्याला एकेरी हाक मारली नाही. लिहायला बसले तर मात्र 'तो' असंच येतंय. येऊ दे. आता रागावायला कोण आहे?

लग्नानंतर बरीच वर्षं मी सासरी आणि तो कुवेतला, असाच आमचा संसार चालला होता. आमच्याकडे त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. नवरा कुवेतला आहे म्हटलं की बाईचं सगळं उत्तम चाललंय असं धरून चालत. मग सन पंचावन्नच्या आसपास कधीतरी त्याला बायकापोरं आणायची परवानगी मिळाली आणि चार वर्षांच्या मुलाला घेऊन मी मुंबईहून बोटीत चढले. वाटेत इतकी ओकले की कुवेत दिसलं तेव्हा मला आनंद झाला तो फक्त जमीन दिसल्याचा. धक्क्यावर नवरा उभा होता. मुलगा त्याला बघून माझ्यामागे लपला. त्याने आपल्या बापाला आधी एकदाच पाहिलं होतं, आणि तेव्हा त्याला बोलताही येत नव्हतं.

आम्ही जुन्या शहरात एका मातीच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत राहत होतो. पाणी टाकीत भरून घ्यावं लागे, उन्हाळ्यात गच्चीवर झोपावं लागे, आणि वाळूचं वादळ आलं की दाताखाली भातसुद्धा करकरे. तरी मला तिथे आवडलं होतं. हे मी सासरी कुणाला कधी सांगितलं नाही, कारण बाईने कुवेत आवडलं असं म्हणणं म्हणजे सासर आवडत नाही असं म्हणण्यासारखंच होतं. नवरा दुपारी घरी येई. एकट्याने राहून राहून त्याला सगळं येत होतं. मासे तर तोच साफ करी, मला हात लावू देत नसे. तिथे पापलेटला झुबैदी म्हणतात. संध्याकाळी आम्ही चौघं समुद्रावर जात असू. चौघं म्हणजे, मुलगी तिथेच जन्मली. समुद्र अगदी सपाट, आमच्यासारखा आवाज नाही त्याला. मुलगा आता बापाच्या खांद्यावरून उतरत नसे. ती वर्षं सुखाची होती असं आज म्हणते. तेव्हा नुसती होती, आणि मला वाटलं पुढेही असणार.

आमच्या घरमालकांचं मातीचं घर रस्त्यासाठी सरकारने घेतलं आणि त्यांना बाहेर नव्या वस्तीत जागा दिली; घर पाडायला अजून वेळ होता, तोवर आम्ही तिथेच राहिलो. घरमालकीण मला एकदा ती जागा बघायला घेऊन गेली. तिचं अरबी मला अर्धं कळे, माझं तिला पाव. वाळूत आखलेले रस्ते होते, घरं अजून उभी राहत होती, आणि मधोमध एक भलीमोठी शाळा तयार होऊन बसली होती. मी विचारलं, शाळेसाठी हीच वस्ती निवडलीत का? तिला प्रश्नच कळेना. मग हसून म्हणाली, मद्रसा काय, सगळ्या वस्त्यांत असतोच. तिथे पोरांना जेवण, कपडे, पुस्तकं सगळं सरकार देई. आधी शाळा बांधत, मग भोवती माणसं आणून ठेवत. बंदराच्या वाटेवर तर त्यांचं एवढं मोठं हायस्कूल होतं की मुलगा त्याला राजाचा वाडा समजायचा. पण शिकवणं सगळं अरबीत, आणि त्या शाळा आमच्या पोरांसाठी नव्हत्याच. हिंदुस्थानी मुलांची एक शाळा होती, तिथे आमचा जाई. पण त्या वेळी वरचे वर्ग तिथे नव्हते, आणि आमच्या लोकांना हवी होती ती मॅट्रिक. मॅट्रिक म्हणजे हिंदुस्थानात, म्हणजे आमच्या बोलण्यात, घरी.

तर शुक्रवारची ती बैठक. जेवायला येणारे बहुतेक सडे होते; एका एका खोलीत सात-आठ जण राहणारे, बायको गावाला असलेले. त्यांनी माणसांचे दोन भाग पाडले होते. जो ऑफिसात पंख्याखाली बसतो तो टेबलवाला. बाकी सगळे उन्हातले. कुणी नवा पोरगा गावाहून आला की त्याचं नाव विचारायच्या आधी विचारत, "टेबल की ऊन?" आणि मग, "कुठल्या हायस्कुलातला?"

आमच्या भागात हायस्कुलं दोन. एक खाडीच्या अलीकडे, एक पलीकडे. दोन्ही सारखीच कौलारू आणि तितकीच गळकी, हे मी स्वतः पाहिलं होतं, कारण माझं माहेर तिकडचंच. पण कुवेतमध्ये बसून बघणाऱ्यांना त्यांत जमीन-अस्मानाचं अंतर दिसे. अलीकडच्या शाळेचे टेबलवाले जास्त होते. बँकेत एक होता, तेलकंपनीत दोघे, कुणी कुठल्या शेठचा टायपिस्ट. एकेकाला आठवत आणि शाळेच्या खात्यात जमा करत. पलीकडच्या शाळेचा एक होता तो उन्हात, आणि दुसरा स्वयंपाकी. झाला निकाल. त्यावर कुणी कधी वाद घालत नसे.

एक वयस्क गृहस्थ होते, त्या सगळ्यांत आधी कुवेतला आलेले. त्यांना सगळे चाचा म्हणत. ते म्हणत, "शाळेजवळ घर पायजे. घंटा ऐकू आली पायजे घरात. लांबून येणारा पोरगा वाटेत कैऱ्या पाडीत बसतो."

त्यांचं म्हणणं सगळ्यांनी उचललं. अलीकडच्या हायस्कुलाच्या आजूबाजूची जमीन म्हणजे खरं तर कातळ. पूर्वी तिथे कुणी गुरंसुद्धा सोडत नसे. आता तिथली घरं आणि तुकडे कुवेतहून एकेक करून उचलले जाऊ लागले, आणि विकणारे गावात बसून 'घंटा ऐकू येते' एवढंच सांगायला शिकले. पुढेपुढे तर घंटा ऐकू येणारं घर आणि न येणारं घर यांच्या भावात फरक पडू लागला. मी मनात म्हणायची, वारा फिरला की काय करणार?

माझ्या नवऱ्याला मुलासाठी टेबल नको होतं. हे मला सांगितलंच पाहिजे, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. बाकीच्यांना पोरगा टेबलवाला व्हायला हवा होता. याला पोरगा कुवेतलाच यायला नको होता. उन्हाळ्यात तो कामावरून आला की आधी भिंतीशी उभा राही, डोळे मिटून. घरात आल्यावर त्याला काही वेळ दिसत नसे. मुलगा विचारी, "अब्बा, काय करताव?" तो म्हणे, "काय नाय रे, घर हुडकतोय." एकदा मला म्हणाला, "ह्यानं हितं येता नये. डॉक्टर होऊ दे, मास्तर होऊ दे, पण हितं नको. आपल्या घरात राहून शिकू दे, आपल्या घरात राहून मरू दे." मी म्हटलं, मरायचं कशाला बोलताव. पण त्याला काय म्हणायचं होतं ते मला कळलं होतं. तो सोळाव्या वर्षी घरातून निघाला होता, आणि त्यानंतर कुठल्याच घराला त्याने आपलं म्हटलं नव्हतं.

म्हणूनच एका शुक्रवारी मला राहवलं नाही. बैठकीत हिशेब नेहमीसारखा चालला होता, अलीकडची इतके, पलीकडची इतके. मी पडद्यामागून विचारलं, "आणि जे पोरगे कुवेतला आलेच नाय, ते कुठल्या हायस्कुलातले?"

 बाहेर चाचा हसले. "आले नाय ते घरी बसले असतील, भाभी. त्यांचा काय धरायचा?" सगळेच हसले, माझा नवराही. मीसुद्धा पडद्यामागे थोडी हसले, लाजून. त्यांच्या लेखी जो कुवेतला पोचला नाही तो शिकलाच नव्हता. मुंबईला मेडिकलला गेलेला पोरगा कुवेतहून दिसत नाही, पुण्याला प्रोफेसर झालेला दिसत नाही. दिसतो तो धक्क्यावर उतरलेला. शाळा जोखायला त्यांच्याकडे दुसरं माप नव्हतं, आणि आपल्याकडे दुसरं माप नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी पुन्हा विचारलं नाही. बायकांनी एकदा विचारलेलं पुष्कळ झालं.

घर घेतल्याचं मला नवऱ्याने सांगितलं नाही. एका शुक्रवारी जेवायला आलेल्या एकाने पडद्याबाहेरून मुबारकबाद दिली. "भाभी, घर मुबारक. आता तुमी चाललाव गावी. आमचा शुक्रवार गेला."

माझ्या हातात भाताचं पातेलं होतं. मी ते खाली ठेवलं. पहिल्यांदा मला वाटलं, सुट्टीला जायचं असेल. सगळे गेल्यावर मी नवऱ्याला विचारलं.

"घर घेतलाय गो," तो म्हणाला. खूश होता. "शाळेला लागून. माज्या मामानं बगून घेतला. माडी हाय, हीर हाय, मागं दोन फणस हायत."

"आणि जायचा कुणी?"

"पोराला पाचवी तिकडं करू दे. म्हणजे पाया पक्का होईल."

"तो जाईल. माजी आई राहील त्याच्यासंगं."

त्याने माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी पोरकट बोलल्यासारखं बघितलं. "आपल्या घरात दुसऱ्याची आई कशी राहील? लोक काय म्हणतील? नवा घर. मालकीण हितं नि घरात पाहुणी?"

"मग बंद ठेवा. सुट्टीत उघडू."

"नवा घर बंद ठेवतात काय गो?"

हे त्याने अगदी सरळ विचारलं. आमच्याकडे नवं घर बंद ठेवत नाहीत हे खरंच होतं. कुवेतचं घर म्हणून लोकांची नजर असते. कुलूप दिसलं की भाऊबंद जागे होतात, भाडेकरू घातला तर तो निघत नाही, आणि घरधनीण चुलीशी नसेल तर ते घर नांदतं म्हणत नाहीत. सगळ्या कुवेतवाल्यांच्या बायका अशाच आपापल्या घरांच्या राखणीला बसल्या होत्या. मी तिथे नवऱ्याजवळ होते हीच मोठी चैन होती. मला त्याच्याशी भांडता आलं असतं. भांडायचं तर काहीतरी हातात लागतं. मुलगा शिकावा असं मलाही वाटत होतं, त्याने कुवेतला येऊ नये असंही वाटत होतं, मग मी कशाविरुद्ध भांडणार? मला इथे तुमच्याजवळ राहायचंय, असं एक वाक्य होतं. ते आमच्यात कुणी बोलत नसे. मी बोलले नाही.

त्याच वर्षी तिथे रुपया जाऊन दिनार आला. बाजारात सगळ्यांची गडबड उडाली होती. मी त्या गडबडीत मुलांचे कपडे, एक पेटी आणि चहाचे सहा पेले घेतले. धक्क्यावर नवरा मुलाला म्हणाला, "घंटा झाली की लगेच वर्गात. समजला?" मुलाने मान हलवली. मुलगी रडत होती. मी रडले नाही. बोट लागण्याच्या भीतीनेच मला घेरलं होतं. बोट हलली तरी मी नवऱ्याकडे बघायचं सोडून कठडा धरून उभी होते.

त्यानंतरची सात वर्षं मी त्या घरात काढली. त्यांच्याबद्दल लिहायला बसले की काही सापडत नाही. घर चांगलं होतं. विहिरीला पाणी होतं. घंटा खरंच ऐकू येई; पहिली, दुसरी, मधल्या सुट्टीची, सुटण्याची. मी घड्याळ बघायचं सोडून दिलं. आजूबाजूच्या घरांत अशाच बाया होत्या. दुपारी आम्ही एकमेकींकडे जाऊन बसत असू आणि नवऱ्यांबद्दल बोलत असू, म्हणजे त्यांनी काय पाठवलं त्याबद्दल. नवरा दोन वर्षांनी एकदा येई. आला की पहिले दोन दिवस झोपे, तिसऱ्या दिवशी कोट घालून हेडमास्तरांना भेटायला जाई, आणि मग राहिलेले दिवस मी त्याला चहात साखर किती लागते ते विचारी. आधीच्या खेपेचं ठाऊक असे, पण बदलली असली तर, म्हणून विचारी.

मुलगा हुशार होता. वर्गात वरच्या नंबरात असे. पण त्या शाळेत विज्ञानाचे मास्तर टिकत नसत. आले की खाडीपलीकडे जात. पलीकडच्या शाळेत प्रयोगशाळा होती. अलीकडच्या शाळेत टाइपरायटर होते. ओळीने मांडलेले, झाकणं घातलेले, आणि ते कुवेतहून आलेले होते. आमच्या शुक्रवारच्या मंडळींनीच वर्गणी करून पाठवले होते, 'शाळेचं नाव वाढावं' म्हणून. माझ्या नवऱ्यानेही दिली होती. शाळेने त्यांचं मन ओळखलं. अर्ज कसा लिहावा, इंग्रजी पत्राच्या शेवटी काय लिहावं, साहेब बोलला तर काय उत्तर द्यावं, हे तिथे फार चांगलं शिकवत. गावातल्या माणसांना विचारलं तर ते सरळ सांगत की डॉक्टर-इंजिनियर व्हायचं असेल तर पोरगा पलीकडे घाला, होडी आहेच. म्हणजे अलीकडच्या शाळेचं नाव झालं होतं ते कुवेतमध्ये, आणि त्या नावापायी आम्ही सगळ्यांनी कातळावर घरं घेतली होती. मी एकदा, मुलगा आठवीत असताना, नवऱ्याला म्हटलं की ह्याला पलीकडे घालू या. तो तेव्हा सुट्टीवर होता. ओटीवर बसून शाळेकडे बघत म्हणाला, "घंटा ऐकू येते घरात, नि पोराला होडीनं पाठवायचा? मग घर कशाला घेतला?" घर घेतलं होतं, म्हणून शाळा हीच.

मॅट्रिकला मुलाला चांगले मार्क पडले. इंग्रजीत शाळेत पहिला. टायपिंगची परीक्षाही झाली होती. कॉलेजचं विचारलं तर कॉलेज म्हणजे रत्नागिरी नाहीतर मुंबई, आणि त्याचं विज्ञान इतकं कच्चं होतं की कुठे अर्ज करायचा तेच कळेना. तो मला म्हणाला, "अम्मा, वर्गातले सगळे कुवेतलाच चालले." सगळेच चालले होते, हे खरं होतं. कुणी त्यांना तिकडे ढकललंही नव्हतं. जिथे पाणी नेऊन सोडलं होतं तिथेच ते वाहत होतं. नवऱ्याला कळवलं. त्याचं उत्तर यायला वेळ लागला. आलं तेव्हा त्यात मुलाच्या व्हिसाचं होतं, आणि खाली एक ओळ की तुलाही महिनाभर बोलावतो, पोराला सोडायला ये.

मुलीला माझ्या आईकडे सोपवलं. ती तेव्हा त्याच शाळेत पाचवीत गेली होती. महिनाभरासाठी दुसऱ्याची आई त्या घरात राहिली, आणि लोक काही म्हणाले नाहीत.

कुवेत मला ओळखू आलं नाही. जुनं शहर बरंचसं पाडलं होतं. जिथे आमच्या दोन खोल्या होत्या तिथून रुंद रस्ता गेला होता, आणि तो कुठून कुठे गेला हेही मला लावता येईना. नवऱ्याने आमच्या जाण्यानंतर जागा सोडली होती. तो आता सड्यांच्या खोलीत राहत होता, आठ जणांत एक. तिथे मला कसं नेणार? ओळखीचं एक कुटुंब सुट्टीवर गावी गेलं होतं, त्यांची हवल्ली नावाच्या वस्तीतली जागा त्याने महिन्यापुरती मागून घेतली होती. दुसऱ्या बाईचं स्वयंपाकघर, दुसऱ्या बाईचे डबे. मीठ कुठे आहे ते मला आणि नवऱ्याला दोघांनाही ठाऊक नव्हतं.

धक्क्यावर त्याने मुलाकडे बघितलं तेव्हा त्याचा चेहरा मी बघत होते. मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून उतरला होता. बापापेक्षा उंच झाला होता. त्याने सलाम केला, अगदी शाळेत शिकवल्यासारखा. नवऱ्याने सलाम घेतला आणि त्याच्या हातातली बॅग घेतली. "सायबाला भेटायचा उद्या," एवढंच म्हणाला. मी वाट बघत होते की त्याला राग येईल, रडू येईल, काहीतरी येईल. एवढ्या वर्षांत मुलाला इथे येऊ द्यायचं नाही म्हणून आम्ही दोघांनी दोन घरं चालवली होती. पण तो पुढे चालू लागला होता, बॅग घेऊन, आणि आम्ही त्याच्यामागून चाललो.

मुलाला टेबल मिळालं. बंदराच्याच ऑफिसात, बापाच्या उन्हापासून दोन भिंती आत.

शुक्रवारी मंडळी आली. चाचा गावी परत गेले होते. बाकीचे पुष्कळसे तेच, केस पांढरे झालेले. मुलाला मधे बसवून त्यांनी सगळं विचारलं. टायपिंगचा स्पीड विचारला. "कुठल्या हायस्कुलातला?" एका नव्या माणसाने विचारलं, आणि मुलाने सांगितलं. "मग काय!" तो म्हणाला. हा नवा माणूस तिशीचा होता. त्याने बायकोला नुकतंच आणलं होतं. ती माझ्याजवळ आत बसली होती, मांडीवर दोन वर्षांचा मुलगा. बाहेरून तिचा नवरा विचारत होता की शाळेजवळ अजून तुकडे मिळतात का, भाव काय, विहीर लागते का. माझा नवरा सांगत होता. कातळ आहे पण पाणी लागतं, म्हणाला. घंटा ऐकू येते, म्हणाला. त्याच्या आवाजात फुशारकी नव्हती आणि थट्टाही नव्हती. विचारलं म्हणून सांगत होता.

त्या नव्या माणसाची बायको माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "चाची, शाळा चांगली हाय ना?"

मी म्हटलं, "शाळा चांगली हाय. पण ती ह्याला पुन्हा हितंच आणून सोडेल. नि मधली वर्षं तू तिकडं बसशील."

तिने मुलाला जवळ ओढलं. तिला वाटलं असेल म्हातारी कडू झालीये. मी काही म्हातारी नव्हते तेव्हा, चाळिशीही झाली नव्हती. तिने विषय बदलला, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. सांगायचं ते सांगून झालं होतं.

महिना संपत आला. मुलगा सकाळी बापाबरोबर जाई, दुपारी बापाबरोबर येई. दोघं एकमेकांशी थोडं बोलू लागले होते, बोटींबद्दल, साहेबाबद्दल. मी दोघांना जेवायला वाढत असे. एका दुपारी मुलगा झोपला होता, नवरा चटईवर बसला होता, आणि मी समोर डाळ निवडत होते.  तो म्हणाला, "आता पोरगा पण हितं हाय. ह्या जागेचे लोक खाली करणार म्हणतात. आपण घेऊ शकतो." चटईची कड सारखी करत म्हणाला, "राहतेस काय गो?"

हा प्रश्न त्याने विचारावा म्हणून मी सात वर्षं वाट बघितली होती. विहिरीवर, चुलीशी, घंटेच्या आवाजात, मी हाच प्रश्न त्याच्या तोंडून ऐकत आले होते, आणि प्रत्येक वेळी मी हो म्हटलं होतं. आता त्याने खरोखर विचारला आणि माझ्या आत काहीच हललं नाही. मी त्याच्याकडे बघितलं. हा माणूस पहाटे कधी उठतो, झोपेत कुठल्या कुशीला वळतो, कशाने चिडतो, हे मला पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागणार होतं, आणि त्यालाही माझं. तेवढा जीव माझ्यात उरला नव्हता.

"पोरीची शाळा हाय," मी म्हटलं. "पाचवीत हाय. मॅट्रिक व्हायला वेळ हाय अजून."

"हां," तो म्हणाला. "शाळा हाय, बरोबर." आणि त्याने पाय लांब केले. त्याच्या आवाजात सुटका होती. ती मला चटकन ओळखता आली, कारण तेवढ्यात मीही सुटले होते.